सिलिंडर आला तर लावायचा कोणाला?

व्हेंटिलेटरवरच्या अत्यवस्थ रुग्णाला श्वासातून नायट्रिक ऑक्साइड द्यायचा का, हा प्रश्न मुंबईत एक असतो आणि खानदेशात दुसराच. मुंबईच्या बड्या इस्पितळात सिलिंडर आणून ठेवलेला असतो. लावायचा की नाही, एवढंच डॉक्टरांनी ठरवायचं. जळगाव-धुळ्याकडे गाडी त्याच्या बरीच आधी अडते. तो आणायचा का, आणि आणला तर कोणासाठी?

खालचा संवाद मी रचलेला आहे. धुळ्यात आयुष्यभर फिजिशियन म्हणून काम करून आता थांबलेले काका आणि मुंबईला शिकून जळगावात आयसीयू सांभाळणारी त्यांची पुतणी, असे दोघे बोलणारे. नेहमीच्या समजुतीप्रमाणे म्हातारा नव्या औषधाला नको म्हणतो आणि तरुण त्याच्यामागे धावतो. इथे उलटं आहे, आणि माझ्या मते ते जास्त खरं आहे. ज्याने नसण्याचे दिवस काढले, त्यालाच असण्याचं मोल वाटतं. अभ्यास, आकडे आणि घटना मात्र रचलेल्या नाहीत.

काका: समज, रावेरकडचा माणूस आहे. पंचेचाळिशीचा, केळीची बाग, धडधाकट. न्यूमोनिया झाला. चार दिवस गावातच सलाईन घेत पडला आणि तुझ्याकडे आला तेव्हा नखं निळी. तू नळी घातलीस, व्हेंटिलेटर लावलास. शंभर टक्के ऑक्सिजन चालू आहे आणि एबीजीत, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, ऑक्सिजनचा आकडा पंचावन्नच्या वर सरकत नाही. बाहेर त्याचा भाऊ उभा आहे. कोणीतरी त्याला सांगितलंय की मुंबईत एक गॅस देतात. तो म्हणतो, "डॉक्टरसाहेब, मन्हा भाऊले तो गॅस लाई द्या, पैसा कितलाबी लागू द्या." काय सांगशील त्याला?

पुतणी: आधी विचारीन, पेशंटला पालथं झोपवून झालं का?

काका: तो तुला विचारतोय. तू कोणाला विचारतेस?

पुतणी: स्वतःला, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला. एक जण डोक्याशी, नळी धरून. दोघं या अंगाला, दोघं त्या अंगाला. पाच माणसं असली की दहा मिनिटांत पेशंट पालथा होतो, आणि मग सोळा तास तसाच ठेवायचा. २०१३ मध्ये फ्रान्स-स्पेनमधल्या, फुप्फुसं अशीच निकामी होत चाललेल्या ४६६ रुग्णांचा अभ्यास आला. उताणे ठेवलेल्यांपैकी अठ्ठावीस दिवसांत जवळजवळ ३३ टक्के गेले, पालथे झोपवलेल्यांपैकी १६ टक्के. अर्ध्याने कमी. या आजारात असा फरक दाखवणारं दुसरं औषध मला दाखवा.

काका: दाखवत नाही. पण पालथा घालूनही भागलं नाही तर?

पुतणी: तर टेप काढायची.

काका: कसली टेप?

पुतणी: शिंप्याची. आमच्या प्रत्येक व्हेंटिलेटरला मी एक बांधून ठेवलीय. टाचेपासून डोक्यापर्यंत पेशंट मोजायचा. तुमचा रावेरवाला १६५ सेंटिमीटर भरला, तर हिशेबाचं वजन साडेएकसष्ट किलो. त्याला किलोमागे ६ मिलिलिटर म्हणजे एका श्वासाला ३७० मिलिलिटर हवा. तो प्रत्यक्षात पंचाऐंशी किलोचा असला तरी तेवढीच, कारण पोट सुटलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. नजरेने वजन धरून मशीन लावलं की पाचशे-साडेपाचशे आत जातात आणि उरलंसुरलं चांगलं फुप्फुसही ताणून फाटतं. २००० साली अमेरिकेत हे सिद्ध झालं. जास्त हवा दिलेल्यांत ४० टक्के मृत्यू, कमी दिलेल्यांत ३१ टक्के. टेप वीस रुपयांची.

काका: बरं. पालथा घातला, टेप लावली. आता तरी माझ्या गॅसकडे ये.

पुतणी: आले. बोला.

काका: हा गॅस म्हणजे ठिबक आहे, पोरी. शिरेतून रक्तवाहिन्या सैल करणारं औषध सोडलंस तर ते पाटाच्या पाण्यासारखं सगळीकडे पसरतं. फुप्फुसाच्या ज्या भागात पू-पाणी भरलंय, जिथे हवा पोचतच नाही, तिथल्या वाहिन्याही सैल होतात. रक्त तिथून ऑक्सिजन न घेताच परत येतं, आणि वर ब्लडप्रेशर कोसळतं. श्वासातून दिलेला वायू जिथे हवा जाते तिथेच जातो. तेवढ्याच वाहिन्या उघडतात, रक्त तिकडे वळतं, आणि रक्तात शिरल्यावर हिमोग्लोबिन त्याला काही सेकंदांत पकडून निकामी करतं. म्हणजे जिथे हवं तिथे, हवं तेवढंच. जैन इरिगेशनच्या गावात राहणाऱ्या बाईला हे मी समजवायचं?

पुतणी: समजलं, आणि शरीरशास्त्र म्हणून अगदी बरोबर आहे. पण ठिबकने केळीचं उत्पन्न वाढलं ते घडावर मोजलं गेलं ना? पानं तजेलदार दिसतात म्हणून कोणी नळ्या नाही अंथरल्या. या गॅसचं तिथेच अडतं. पानं हिरवी होतात, घड तेवढाच राहतो. १९९३ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांवर दाखवलं की ऑक्सिजन सुधारतो, आणि जगभर उड्या पडल्या. मग मोठे अभ्यास झाले. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४६ इस्पितळांतले ३८५ रुग्ण, ५ पीपीएम (दहा लाख भागांत पाच भाग) गॅस. जगण्यात फरक नाही, व्हेंटिलेटर लवकर सुटण्यातही नाही. २००७ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी बारा अभ्यास एकत्र मांडले, १,२३७ रुग्ण. पहिल्या दिवशी ऑक्सिजनचं गुणोत्तर १३ टक्क्यांनी वर. मृत्यू तेवढेच. आणि मूत्रपिंड बिघडण्याचा धोका दीडपट.

काका: त्यातले बरेचसे अभ्यास कधीचे आहेत? तू आत्ता सांगितलीस ती टेप यायच्या आधीचे. त्या काळात सगळेच पेशंटच्या फुप्फुसात भसाभस हवा भरत होते. एकीकडे गॅस देऊन वाचवायचं, दुसरीकडे मशीनने फाडायचं. असल्या शेतात तुझा घड कुठून वाढणार?

पुतणी: (जरा थांबून) हा मुद्दा चांगला आहे.

(मलाही वाटतो. वैद्यकातले जुने निकाल ज्या काळच्या सवयींवर उभे असतात, त्या सवयी निकालाच्या कागदावर दिसत नाहीत.)

पुतणी: पण मग तुमच्याच मुद्द्यावरून आधी काय करायला हवं ते ठरतं. टेप आधी. आणि मी मुंबईत स्वतः हा गॅस लावलाय. लावल्यावर अर्ध्या तासात मॉनिटरवर ऑक्सिजनच्या आकड्याचे ८४चे ९१ होतात. नातेवाइकाला आत बोलवावंसं वाटतं. तो आकडा बघतो, हात जोडतो. तिसऱ्या दिवशी पेशंट जातो, बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडून नव्हे तर सेप्सिसने, एकेक अवयव बंद पडत. या आजारात फुप्फुस हा पहिला अवयव असतो, शेवटचा नसतो. मी आकड्याचा उपचार केला, आणि नातेवाइकाला वाटलं मी त्याच्या माणसाचा केला.

काका: तुला ते दोन-तीन दिवस फुकट गेले असं वाटतं. मला वाटत नाही. ऐक. आमच्या वेळी कपाशीवर मारायचं औषध पिऊन आलेली पोरं यायची. वॉर्डात व्हेंटिलेटर एक, तोही बंद पडलेला. नळी घालायची, अंबू बॅग जोडायची आणि ती नातेवाइकाच्या हातात द्यायची. बाप, भाऊ, मेव्हणा, पाळ्या लावून रात्रभर बॅग दाबत बसायचे. हात सुजायचे. त्यातली किती वाचली माहीत आहे? बऱ्यापैकी. कारण विष उतरेपर्यंत वेळ मिळाला. वेळ विकत घेणं हाही उपचारच आहे.

पुतणी: हो, कारण विष उतरणार होतं. वेळ विकत घ्यायचा तर पलीकडे काहीतरी असायला हवं. एक्मो, म्हणजे फुप्फुसाचं काम शरीराबाहेर करणारं यंत्र, असायला हवं, नाहीतर आपोआप ओसरणारा आजार. रावेरवाल्याच्या पलीकडे जळगावात काय आहे?

काका: मुंबई आहे.

पुतणी: सव्वाचारशे किलोमीटरवर. आणि नेमकं तिथेच हा गॅस उलटतो, काका. एकदा लावला की एकदम काढता येत नाही. बाहेरून मिळतोय म्हटल्यावर शरीर स्वतःचा तयार करणं आवरतं घेतं. अचानक बंद केला तर फुप्फुसातल्या वाहिन्या आवळतात, आधी होत्या त्याहून जास्त. ऑक्सिजन कोसळतो, हृदयाची उजवी बाजू फुगते. वीसवरून दहा, दहावरून पाच आणि पाचपासून पुढे एकेक पीपीएमने उतरवावा लागतो. म्हणजे जळगावात लावला तर अँब्युलन्समध्येही लावावा लागणार. गाडीत सिलिंडर, मोजायचं यंत्र, जास्तीचा सिलिंडर, ते हाताळणारा माणूस, असा लवाजमा घेऊन कसारा घाट उतरणारी गाडी मला दाखवा. ती नसेल तर मी इथे गॅस लावून पेशंटला जळगावातच बांधून घातलं.

काका: हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुतणी: सिलिंडर विकायला येणारा सांगणारही नाही. आणखी ऐका. हा वायू ऑक्सिजनला भेटला की नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तपकिरी, जहाल, ओल्या फुप्फुसात त्याचं ॲसिड होतं. आणि आपला पेशंट असतो शंभर टक्के ऑक्सिजनवर. म्हणून गॅस रुग्णाच्या अगदी जवळ नळीत सोडायचा, श्वासागणिक मापून, आणि डायऑक्साइड किती होतोय ते सतत बघायचं. दुसरं म्हणजे मेटहिमोग्लोबिन, ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन. रक्त चॉकलेटी दिसायला लागतं आणि बोटाला लावलेलं यंत्र फसतं. ते पंच्याऐंशीच्या आसपास अडकून बसतं, खरी पातळी काहीही असो. ते ओळखायला वेगळी तपासणी लागते, आणि त्यावरचं औषध मिथिलीन ब्ल्यू, ते जीसिक्सपीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्याला दिलं तर रक्तपेशी फुटतात. सातपुड्यातून येणाऱ्या पेशंटला ते डोळे मिटून देता येत नाही.

काका: सातपुड्याचं नाव काढलंस म्हणून विचारतो. सिकलसेल. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पोरांत पेशी फुटतात, फुटलेलं हिमोग्लोबिन शरीरातला नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं, वाहिन्या आवळतात, वेदनेने पोरगं तळमळतं. मग बाहेरून तोच वायू द्यावा, इतकं सरळ आहे.

पुतणी: इतकं सरळ होतं म्हणूनच अमेरिकेत १५० रुग्णांवर करून पाहिलं. २०११ मध्ये निकाल आला. वेदनेचा झटका एक तासही लवकर थांबला नाही.

काका: (हसत) माझे सगळे चेंडू तू अडवायचं ठरवून आली आहेस.

पुतणी: नाही. मी एवढंच म्हणते की या वायूची गोष्ट फार देखणी आहे, आणि देखण्या गोष्टीला आपण लवकर भुलतो. १९९८चं नोबेल त्याच्यावर मिळालं. फर्चगॉट, इग्नारो, मुराद.

काका: आणि ज्याच्या नावाचं पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेललाच म्हातारपणी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन सुचवलं होतं. स्वतःच्या डायनामाइटमधला माल! ते शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइडच सोडतं, हे कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. त्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी दुखायचं. रविवारी सवय मोडलेली असायची, सोमवारी पुन्हा वाहिन्या सैल. तू आत्ता गॅस बंद केल्यावर काय होतं ते सांगितलंस, त्याचीच ही दुसरी बाजू म्हण.

(काका इथे रमले, आणि मीही. पण पुतणीने घड्याळाकडे पाहिलं.)

काका: आता माझं खरं दुखणं सांगतो. तू सांगितलेलं सगळं बरोबर धरलं, तरी एक गोष्ट मला खुपते. 'जिल्ह्याच्या ठिकाणी हे झेपणार नाही' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. आधी व्हेंटिलेटर झेपणार नव्हता, मग डायलिसिस, मग अँजिओग्राफी. आज तिन्ही इथे आहेत. कोविडची दुसरी लाट, एप्रिल २०२१ आठव. कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस घाटातल्या उंचीच्या अडचणीमुळे वळसा घालून सुरत-भुसावळ लाइनने विशाखापट्टणमला गेली. म्हणजे नंदुरबार, अमळनेर, जळगाव. येताना काही टँकर नागपूरला उतरले, उरलेले पुन्हा जळगावावरूनच नाशिकला गेले. आपल्या दारावरून दोनदा. पण त्याच वेळी नंदुरबार कोणाच्या दारात उभं नव्हतं. तिथल्या कलेक्टरने, डॉ. राजेंद्र भारुडांनी, पहिली लाट ओसरत असताना २०२० मध्येच ऑक्सिजन प्लांट उभारायला घेतले होते. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा भिल्ल मुलगा, स्वतः डॉक्टर. सगळ्यात मागास म्हणून ज्याची टिंगल होते तो जिल्हा त्या महिन्यात स्वतःच्या ऑक्सिजनवर होता. म्हणून म्हणतो, झेपणार नाही हे आधी ठरवू नका.

पुतणी: नंदुरबारचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, काका. त्यांनी काय उभं केलं? ऑक्सिजन. सगळ्यात साधी, सगळ्यांना लागणारी वस्तू. आणि त्यावर नेमलं काय? ऑक्सिजन नर्स. कोणाचा मास्क सरकलाय, कोणाला दहा लिटर चालू आहे आणि पाचात भागतंय, एवढंच बघत फिरणारी बाई. आता आमच्या जळगावचं २०२० घ्या. जूनमध्ये इथला कोविडचा मृत्युदर बारा टक्क्यांच्या आसपास होता, देशातल्या सर्वाधिक दरांपैकी. आणि त्याच महिन्यात कोविड रुग्णालयातून बेपत्ता म्हणून नोंदलेल्या ८२ वर्षांच्या आजी आठवड्याने तिथल्याच शौचालयात मृत सापडल्या. त्या आजींना कुठला गॅस हवा होता? कोणीतरी त्यांच्या खाटेकडे बघायला हवं होतं.

काका गप्प झाले. जळगावात हा विषय निघाला की अजूनही बोलणारा गप्प होतो.

काका: मान्य. मोठ्या माणसांचं सोडून देतो. पूर्ण नाही, पण सोडतो. आता बाळाचं बोल.

पुतणी: बाळाचं मी कधी नाही म्हटलं?

काका: तू बाळाचं अजून काढलंच नाहीस. मी काढतो. धडगावकडची बाई, पहिलटकरीण. पाणी गेलं ते हिरवं. बाळाने आतच शी केली आणि ती श्वासात ओढली. बाहेर आल्यावर रडलं नाही. पोटात असताना फुप्फुसाच्या वाहिन्या मिटलेल्या असतात, पहिल्या टाहोबरोबर त्या उघडायला हव्यात. त्या उघडल्याच नाहीत. रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातंय. उजव्या हाताला सॅच्युरेशन ९२, पायाला ७८. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं बाळ. मेंदू चांगला, हृदय चांगलं, फक्त एक दरवाजा उघडत नाही. आणि तो उघडणारा वायू जगाला १९९२ पासून माहीत आहे. अमेरिकेत डिसेंबर १९९९ मध्ये मान्यता मिळाली ती याच आजारासाठी, नवजात बाळांसाठी. मोठ्यांसाठी नव्हे.

पुतणी: हो. या बाळाला तो द्यायलाच हवा.

काका: मग अभ्यास सांगतेस की मी सांगू?

पुतणी: १९९७. अमेरिका-कॅनडातली २३५ बाळं. गॅस न दिलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना एक्मो लागलं, गॅस दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. मृत्यू १७ टक्के आणि १४ टक्के, म्हणजे तो फरक धरण्यासारखा नव्हता.

काका: बस. इथे मी तुला पकडतो. तुम्ही लोक म्हणता, मृत्यू कमी झाले नाहीत, फक्त एक्मो टळलं. अगं, ज्या गावात एक्मो आहे तिथे एक्मो टळणं म्हणजे सोय. ज्या गावात एक्मो नाही तिथे एक्मोची गरज लागणं म्हणजेच मरण! त्या २३५ बाळांमधली जी गॅसमुळे मशीनपासून वाचली, ती खानदेशात जन्मली असती तर गॅसमुळे जगली असती. तुझा अभ्यास बड्या शहरात फार काही सिद्ध करत नसेल, धडगावात सगळं सिद्ध करतो. म्हणजे हा गॅस सगळ्यात जास्त कुठे हवा? जिथे पुढचं काहीच नाही तिथे.

(इतका वेळ चाललेल्या बोलण्यात हाच मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. पुतणीला उत्तर शोधायला वेळ लागला, आणि तिचं उत्तर अर्धंच आहे असं माझं मत आहे.)

पुतणी: हिशेब बरोबर आहे. पण त्या बाळांच्या भोवती काय होतं तेही हिशेबात धरा. फुप्फुस आधी उघडलेलं असावं लागतं, मिटलेल्या फुप्फुसात गॅस शिरणार कुठे? त्यासाठी फुप्फुस मिटू न देणारं सरफॅक्टंट, हाय फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेटर. गॅस लावण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो, कारण काही बाळांच्या हृदयातच जन्मतः दोष असतो, आणि त्यातल्या काही दोषांत हा गॅस घात करतो. रात्री दोन वाजता नवजात बाळाचा इको करणारा माणूस तीन जिल्ह्यांत किती ठिकाणी उठून येईल? आणि एका बाळाला एक सिस्टर. आज आपल्या एसएनसीयूत, म्हणजे सरकारी नवजात कक्षात, एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते तुम्ही बघितलंय.

काका: बघितलंय. म्हणूनच म्हणतो, गॅस आणायचा ठरला की हे सगळं आणावं लागेल. नुसता इको आणा म्हणून मी शंभर अर्ज केले तर कोणी आणणार नाही. गॅसच्या निमित्ताने इको येईल, हाय फ्रिक्वेन्सी येईल, सिस्टरची पदं भरली जातील. सरकारी कारभार तुला माहीत नाही, मला माहीत आहे. इथे शेपटी धरून हत्ती आणावा लागतो.

पुतणी: आणि नुसती शेपटीच आली तर? उद्घाटन होईल, फोटो छापून येईल, सिलिंडर संपेल, पुढचा येणार नाही. यंत्रावर आच्छादन घातलेलं मी पाहिलंय. त्यापेक्षा आज हातात आहे ते वापरू. सिल्डेनाफिल. लोक त्याला कशासाठी ओळखतात ते सोडा. तीच वाट दुसऱ्या टोकाकडून धरतं ते. गॅसमुळे तयार होणारा रेणू मोडू देत नाही. मेक्सिको, कोलंबियासारख्या देशांत, जिथे गॅस नव्हता तिथे, बाळांना नळीतून पोटात देऊन पाहिलं. अभ्यास छोटे होते, पण मृत्यू कमी झाले. गोळी काही रुपयांची, जळगावच्या कुठल्याही मेडिकलवर मिळते.

काका: आणि शरीरभर पसरते. पाटाचं पाणी. ब्लडप्रेशर पडतं.

पुतणी: पडतं. म्हणून जपून द्यायची. पण आहे तरी.

काका: अजून एक. सिलिंडरची कटकट फार दिवस राहणार नाही. बोस्टनच्या डॉक्टर वॉरन झापोलनी हा वायू पेशंटच्या श्वासात आणण्याचं काम सुरुवातीच्या काळात केलं, आणि त्यांच्याच मंडळींनी पुढे हवेतून वीज पाडून तो तयार करायचं यंत्र काढलं. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा हवेत जे होतं, तेच खोक्यात. २०२२ मध्ये अमेरिकेत असल्या एका यंत्राला मान्यताही मिळाली. सिलिंडरच नाही, तर सिलिंडर संपायची भीती कुठली? हवा खानदेशात भरपूर आहे. वीजही... बरं, लोडशेडिंग सोड.

पुतणी: ते यंत्र जळगावात आलं तर पहिलं मी मागेन. पण माझ्या आयसीयूसाठी नाही. खालच्या मजल्यावरच्या नवजात कक्षासाठी. आणि माझ्याकडे कोणी आणून ठेवलं तर मी लिहून घेईन की हे मोठ्या माणसाला फक्त दोन प्रसंगी लागेल. हृदयाची उजवी बाजू एकदम बसत चाललीय, किंवा सगळं करून झालंय, पुढची जागा फोनवर पक्की झालीय आणि गाडीत गॅस आहे. अर्ध्या तासात फरक दिसला नाही तर हळूहळू उतरवून बंद. २०२०च्या कोविडच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही साधारण हेच होतं. सरसकट नको, अगदी हात टेकले तर करून बघा, फरक नाही पडला तर काढा.

काका: आणि त्या रावेरवाल्याच्या भावाला?

पुतणी: त्याला खुर्ची देईन आणि सांगेन की तो गॅस आमच्याकडे नाही, आणि असता तरी तुमच्या भावाला वाचवेल असं कोणाला दाखवता आलेलं नाही. आत्ता आम्ही काय करतोय ते काचेतून दाखवेन.

काका: तो म्हणेल, मुंबईला नेतो.

पुतणी: म्हणेल. नेऊही दे. पण तिथे एक्मोची जागा आहे का हे मी आधी फोन करून विचारेन. नुसत्या गॅससाठी घाट उतरू नका, एवढं स्पष्ट सांगेन.

काका: मी नसतं सांगितलं. मी म्हटलं असतं, बघू, प्रयत्न करू.

पुतणी: तुम्ही ते फार चांगलं म्हणता, काका. त्यावर किती जणांनी शेतं विकली, हे मात्र तुम्ही मोजलं नाही.

इथे दोघांचं बोलणं थांबलं, मिटलं नाही. माझा कल सांगून टाकतो. मोठ्यांच्या बाबतीत पुतणीचं खरं आहे आणि ते पुरेसं कठोरपणे सांगितलं जात नाही. बाळांच्या बाबतीत काकांचा हिशेब मला खोडता आला नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी इको, हाय फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेटर, पुरेशा सिस्टर आणि हा वायू असलेलं एक तरी सरकारी नवजात केंद्र व्हायला हवं. तीन ठिकाणी अर्धवट होण्यापेक्षा एका ठिकाणी पूर्ण व्हावं. धुळ्याचं मेडिकल कॉलेज सुरत आणि आग्रा या दोन्ही रस्त्यांच्या नाक्यावर बसलं आहे. मी असतो तर तिथे केलं असतं.

तोवर वाचणाऱ्याच्या हातात असलेलं काम असं. घरातल्या बाळंतिणीचं पाणी हिरवट किंवा काळपट गेलं तर 'कळा येऊ देत, मग बघू' म्हणून थांबू नका, १०८ला फोन करून सिझेरियनची आणि बालरोगतज्ज्ञाची सोय असलेला दवाखाना गाठा. जन्मलेल्या बाळाला पुढे पाठवायचं ठरलं, तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारा की पुढच्या दवाखान्याशी बोलणं झालंय का, तिथे बाळाचा व्हेंटिलेटर रिकामा आहे का, आणि नायट्रिक ऑक्साइड आहे का. गाडी दारात येईपर्यंत हा फोन करून होतो.